नेत्रशिबिराचा दुसरा दिवस

दिवाळी उलटली आणि थंडी पडू लागली की आमच्या दवाखान्यात पावतीपुस्तके येऊ लागतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थंडीतच करावी असा एक जुना समज आहे. त्याला आता काही अर्थ उरलेला नाही, शस्त्रक्रिया बारा महिने होते. परंतु शिबिरांचा हंगाम अजून त्या समजुतीप्रमाणेच ठरतो. कोणी पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ, कोणी मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त मोफत नेत्रशिबिर घेतो. डॉक्टर म्हणून माझ्याकडे वर्गणीला जरा आधी येतात आणि मीही गेली पंचवीस वर्षे आनंदाने पावती फाडत आलो आहे.

यंदा मात्र पावतीपुस्तक पुढे करणाऱ्या तरुणाला मी एक प्रश्न विचारला. "शस्त्रक्रिया झालेल्या लोकांना पुन्हा कोण तपासणार?" तो गोंधळला. म्हणाला, "सर, ते हॉस्पिटलवाले बघतील ना." पोरगा भला आहे, स्वतःच्या धंद्याचा वेळ मोडून गावासाठी हिंडतो. त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. वर्षभरापूर्वी हाच प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मीही हेच उत्तर दिले असते. मला हा प्रश्न शिकवला एका आजीने.

भाजलेला हात

गेल्या पावसाळ्यात एका आजीला तिचा नातू दवाखान्यात घेऊन आला. उजवा हात भाजला होता. चुलीवरचे पातेले उतरवताना अंदाज चुकला, असे नातू म्हणाला. मलमपट्टी करताना माझ्या लक्षात आले की आजी माझ्या आवाजाच्या रोखाने बघते, चेहऱ्याकडे बघत नाही. मी विचारले, "आजी, दिसत नाही का?"

"न्हाई बाबा. मधी दिसाया लागलं व्हतं. देवानं दिली नजर, देवानंच परत नेली."

नातवाने खुलासा केला. दोन वर्षांपूर्वी मोफत शिबिरात आजीचे ऑपरेशन झाले होते. कोणत्या शिबिरात? तर आमच्याच. त्या समितीत मी होतो. शिबिराच्या यादीतले आजीचे नाव माझ्याच हस्ताक्षरात आहे.

ऑपरेशन चांगले झाले होते. आठ-नऊ महिने आजी तांदूळ निवडत होती, सुईत दोरा ओवत होती. मग हळूहळू धुके दाटू लागले. घरच्यांना वाटले, मोतीबिंदू पुन्हा पिकला. दुसऱ्या डोळ्यात तो पिकत होताच. आता वय झाले, पुन्हा ऑपरेशन कोण करणार, म्हणून सगळे गप्प बसले. आजीही बसली.

वाचकहो, मोतीबिंदू पुन्हा होत नाही. शस्त्रक्रियेत डोळ्यातील गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढतात, मात्र त्याचे मागचे पातळ आवरण तसेच ठेवतात आणि त्याच्या आधाराने कृत्रिम भिंग बसवतात. काही रुग्णांत हे आवरण काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी धुरकट होते. त्यावर उपाय अगदी सोपा आहे. लेसरच्या किरणाने त्या आवरणात एक खिडकी पाडतात. चिरफाड नाही, टाके नाहीत, रुग्णालयात राहणे नाही. काही मिनिटांचे काम. आजीला जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले, लेसर झाला. पुढच्या ड्रेसिंगला आली तेव्हा माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "डाक्टर, तुमी लई पांढरं झालासा की!"

आम्ही सगळे हसलो. ती गेल्यावर मात्र मला हसू येईना. काही मिनिटांच्या उपायासाठी ही बाई वर्षाहून अधिक काळ अंधारात बसली आणि शेवटी हात भाजून घेतला. यात कोणाचा हलगर्जीपणा म्हणावा? शल्यचिकित्सकाचे काम चोख होते. रुग्णालयाने दिलेल्या कागदावर पुन्हा येण्याची तारीख होती. पण आजीला वाचता येत नाही, रुग्णालय पन्नास-साठ किलोमीटरवर, आणि गाडीभाड्याची सोय फक्त पहिल्या वेळची. पुढे काय करायचे हे तिला समजावून सांगणारा कोणी नव्हता.

त्या रात्री मी शिबिराच्या हिशेबाचा जुना कागद शोधून काढला. मंडप, ध्वनिक्षेपक, फलक, शाल-श्रीफळ, चहा-पोहे, रुग्णांना नेण्या-आणण्याची बस, काळे चष्मे. पै-पैचा हिशेब होता, कोणी एक रुपया खाल्लेला नव्हता. फक्त 'पुनर्तपासणी' अशी ओळ त्या कागदावर कोठेही नव्हती आणि त्या कागदावर माझी सही होती.

शिबिरांनी काय दिले

माझे म्हणणे शिबिरांच्या विरोधात आहे असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू शस्त्रक्रियेची मोठी मोहीम झाली आणि कोटीहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सरकारच्या बरोबरीने स्वयंसेवी संस्था आणि वर्गणी देणारी साधी माणसे नसती तर हे काम एवढे वाढले नसते. पूर्वी शाळेच्या वर्गात टेबल मांडून शस्त्रक्रिया होत. त्यातून जंतुसंसर्ग होऊन डोळे गेल्याच्या दुःखद घटना घडल्या. आता गावात फक्त तपासणी करायची आणि शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे.

परंतु आजचे चित्र काय आहे तेही पाहिले पाहिजे. २०१५ ते २०१९ या काळात देशात अंधत्वाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. पन्नाशीच्या पुढील लोकांतील अंधत्वाचे पहिले कारण अजूनही मोतीबिंदूच आहे, ६६.२ टक्के. दुसरे बुबुळाचे आजार, ८.२ टक्के. आणि तिसरे कारण वाचून मी थबकलो : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत, ७.२ टक्के. काचबिंदूचा वाटा त्याहून कमी, ५.५ टक्के आहे. म्हणजे काचबिंदूपेक्षा अधिक लोक उपचार घेऊनही आंधळे आहेत. शस्त्रक्रियांची संख्या आपण मोजली. 'आमच्या शिबिरात इतक्या शस्त्रक्रिया' असे फलकावर लिहिले. त्यातल्या किती जणांना सहा महिन्यांनी नीट दिसते, हे फलकावर कोणी लिहीत नाही, कारण ते कोणी मोजतच नाही.

दान भिंगाचे की कारखान्याचे?

दानाचा पैसा कोठे लावला तर तो पुरून उरतो, याचे उत्तम उदाहरण मदुराईत आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी हे सरकारी नोकरीतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. संधिवाताने त्यांच्या हाताची बोटे वाकडी झालेली होती, तरीही त्याच हातांनी ते डोळ्यांची शस्त्रक्रिया करीत. निवृत्त झाल्यावर १९७६ साली त्यांनी फक्त ११ खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. ज्यांना परवडते त्यांनी पैसे द्यावेत आणि त्यातून गरिबांवर मोफत उपचार व्हावेत, ही त्यांची रीत.

माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा येई. डोळ्यात बसवायचे भिंग निघाले होते, पण ते परदेशी आणि गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. परदेशातील दाते अशी भिंगे दान म्हणून पाठवीत. ती संपली की पुन्हा हात पसरणे आले. मदुराईच्या मंडळींनी वेगळा विचार केला. सेवा फाउंडेशनसारख्या परदेशी धर्मादाय संस्थांच्या मदतीने १९९२ साली त्यांनी भिंगे तयार करण्याचा स्वतःचा कारखाना काढला, त्याचे नाव ऑरोलॅब. भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आसपास आली. पाठवलेले भिंग एका डोळ्यात बसले की ते दान तेथेच संपते. कारखान्याला दिलेली मदत अजून डोळे उघडते आहे.

हैदराबादचेही तसेच. 'आलम आरा'त काम केलेले आणि पुढे 'एक दुजे के लिए'सारखा चित्रपट काढणारे निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी नेत्रसंस्थेसाठी एक कोटी रुपये आणि पाच एकर जमीन दिली. त्यांच्या नावाची ही संस्था १९८७ साली उभी राहिली. तेथे रुग्णांवर उपचार होतात तसे संशोधनही होते. या संशोधनाचा आपल्या गावाशी काय संबंध, असे कोणी विचारील, म्हणून एक उदाहरण देतो.

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब आपल्याकडे घरोघर असते. लहान मूल ती दाबते आणि चुना फाटकन डोळ्यात उडतो. चुन्याने बुबुळाची कड जळते. बुबुळ स्वच्छ ठेवणाऱ्या मूळपेशी त्या कडेलाच असतात. त्या मेल्या की बुबुळ पांढरे पडते. (असे झाल्यास तूप-तेल न घालता डोळा तत्काळ स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास धुवावा आणि मग रुग्णालय गाठावे. पहिली पाच मिनिटे महत्त्वाची.) अशा डोळ्यावर पूर्वी मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवून लावीत आणि ते फार खर्चिक होते. हैदराबादच्या डॉक्टरांनी २०१२ साली सोपी पद्धत मांडली. रुग्णाच्याच चांगल्या डोळ्याच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे, वारेच्या पातळ आवरणाचे अस्तर जखमी डोळ्यावर लावून त्यावर ते कण बसवायचे. पेशी तेथेच वाढतात. प्रयोगशाळेचा खर्च वाचला. चुना आपला आणि त्यावरचा हा उपायही आपल्याच देशातला. परदेशातल्या औषध कंपन्यांना आपल्या चुन्याच्या पुडीची काळजी कशाला असेल?

संशोधन म्हणजे परत बोलावणे

संशोधन म्हटले की आपल्यापुढे काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट उभे राहतात. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग फार साधा असतो. आपल्या पुण्याचेच पाहा. एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात मोतीबिंदूच्या दोन पद्धतींची तुलना झाली आणि ती २००३ साली प्रसिद्ध झाली. एक, मोठा छेद घेऊन टाके घालण्याची जुनी पद्धत. दुसरी, लहान छेदाची, बहुधा टाके न लागणारी. ७४१ रुग्ण, कोणाला कोणती पद्धत ते चिठ्ठीसारखे ठरलेले. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा चष्म्याशिवाय बरे दिसणारे लोक जुन्या पद्धतीत ३७.३ टक्के होते आणि लहान छेदाच्या पद्धतीत ४७.९ टक्के. गरीब माणूस पुष्कळदा चष्मा घेत नाही किंवा मोडला तर दुसरा करीत नाही. त्याच्यासाठी हा फरक किती मोठा आहे, ते आपल्या लक्षात येईल.

पण मला त्यातला दुसराच आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. ७४१ पैकी ७०६ लोक सहा आठवड्यांनी परत तपासले गेले. शंभरात पंचाण्णव! आणि आमच्या शिबिराचे किती परत तपासले? मला सांगता येत नाही. ते ७०६ लोक आपोआप चालत आले असतील असे मला वाटत नाही. कोणी तरी वहीत नाव-गाव लिहिले असेल, कोणी तरी निरोप धाडला असेल, कोणी तरी नेत्रतपासणीचा तक्ता समोर धरून दिसलेली ओळ टिपून ठेवली असेल. संशोधनाचे मूळ एवढेच आहे : रुग्णाला परत बोलवायचे, पाहायचे आणि खरे खरे लिहून ठेवायचे. जो रुपया आजीला परत बोलवतो, तोच रुपया पुढच्या रुग्णासाठी ज्ञानही गोळा करतो. म्हणूनच मला रुग्णसेवेचे दान आणि संशोधनाचे दान यांत आता फारसा फरक दिसत नाही.

समितीतल्या एका जुन्या व्यापारी मित्रापुढे मी हे मांडले, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, तुमचे पटते. पण हिरवी पट्टी बांधलेल्या रुग्णांच्या रांगेचा फोटो पेपरात येतो म्हणून लोक पैसे देतात. वहीला आणि गाडीभाड्याला कोण देणार?" त्याचे बोलणे खोटे नाही. देणाऱ्यालाही आपले दान डोळ्यांनी पाहावेसे वाटते, त्यात काही पाप नाही. मी त्याला म्हटले, मग फोटो सहा आठवड्यांनी काढू. पट्टी बांधलेल्या रांगेपेक्षा तांदूळ निवडणाऱ्या आजीचा फोटो अधिक शोभेल, आणि तो काढायचा तर तिच्यापर्यंत आपल्याला पुन्हा जावे लागेल.

दुसरी शंका अशी की, आपल्या शंभर-दोनशे रुपयांनी संशोधन ते काय होणार? एकट्याच्या होणार नाही, खरे आहे. पण गावाची वर्गणी एकत्र येते तेव्हा ती लहान राहत नाही. एक मंडप कमी केला तर कित्येक आजींचे जाण्या-येण्याचे भाडे निघते. ज्यांची ऐपत आहे त्यांनी संशोधन करणाऱ्या नोंदणीकृत नेत्रसंस्थांना थेट देणगी द्यावी.

आणखी एक गोष्ट. काचबिंदू आणि मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा आजार यांच्यासाठी पावतीपुस्तक घेऊन माझ्याकडे आजवर कोणी आलेले नाही. या आजारांत गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही, फक्त उरलेली वाचवता येते. त्यामुळे 'अंधाला दृष्टी दिली' असे फलकावर लिहिता येत नाही. वाचवलेली नजर कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मधुमेही रुग्णांना मी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्यांची तपासणी करून घ्या असे सांगतो. पुष्कळ जण 'मला चांगले दिसते' म्हणून टाळतात. चांगले दिसते तेव्हाच ती करायची असते. एखाद्या मंडळाने यंदा हीच तपासणी करायचे ठरवले तर माझी दुप्पट पावती.

पावती फाडण्यापूर्वी

तेव्हा वाचकहो, पावतीपुस्तक दारात आले तर नाही म्हणू नका. पण पैसे देताना चार प्रश्न विचारा. शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होणार? दुसऱ्या दिवशी, सहा आठवड्यांनी आणि पुढे वर्षाने कोण तपासणार, आणि त्या वेळचे गाडीभाडे कोण देणार? लागणाऱ्या नंबरचा चष्मा मिळणार का? किती जणांना किती दिसू लागले याची नोंद ठेवून ती हिशेबाबरोबर जाहीर करणार का? संस्था नोंदलेली आहे का आणि तिचे हिशेब तपासले जातात का, हेही विचारायला संकोच करू नये. हे प्रश्न अविश्वासाचे नाहीत. भाजी घेताना आपण चार वांगी हातात घेऊन पाहतो. येथे तर डोळ्यांचा प्रश्न आहे.

आमच्या समितीपुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आहेत. वर्गणीचा पाचवा हिस्सा पुनर्तपासणीसाठी बाजूला काढावा. प्रत्येक रुग्णाच्या घरातल्या एका लिहित्या-वाचत्या माणसाचा मोबाइल नंबर वहीत घ्यावा. आणि महाविद्यालयातल्या मुला-मुलींनी ठरल्या दिवशी फोन करून एवढेच विचारावे, "आजी, आता कसे दिसते?" हे काम करायला डॉक्टर लागत नाही. समितीतले काही जण राजी आहेत, काही जण 'बघू' म्हणतात. मी सोडणार नाही.

त्या तरुणाची पावती मी शेवटी फाडलीच. फक्त पावतीवर 'नेत्रशिबिरासाठी' असे छापले होते, त्याच्या पुढे पेनाने 'पुनर्तपासणीकरिता' असे लिहून घेतले. तो हसला आणि म्हणाला, "सर, असे कोणी लिहून घेत नाही." मी म्हटले, "उद्यापासून घेतील, तू फक्त विचारत जा." आपणही आपल्या पावतीवर तो एक शब्द लिहून घ्यावा, एवढीच या आठवड्यात माझी विनंती.